पहिल्या घरातली हळद

माझं पूर्ण नाव घ्यायला गेलात तर जीभ अडखळेल. स्पेक्ट्रोफोटोमीटर. मुलं 'स्पेक्ट्रो' म्हणून मोकळी होतात, शिपाई 'ती लाइटवाली मशीन' म्हणतो आणि झाडलोट करायला येणाऱ्या आशाबाई सरळ 'पांढरा डबा' म्हणतात. मला तिन्ही चालतात. तर हा पांढरा डबा आज तुमच्याशी बोलतोय. एरवी मी आकड्यांपलीकडे काही बोलत नाही. पण गेल्या दोन-तीन महिन्यांत इथे जे घडलं ते माझ्या छोट्याशा पडद्यावर मावणारं नव्हतं, आणि मनात ठेवून मला चैन पडेना.

मी राहतो भाईंदर पश्चिमेला, एका कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर. पर्यावरणशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, तीन ओटे आणि एक कुरकुरणारा पंखा. खिडकीजवळचा कोपरा माझा. खिडकीतून खाडीचा वारा येतो. मुलांना तो आवडतो, माझ्या स्क्रूंना मात्र त्यानं गंज चढवलाय.

जन्म माझा अंबाल्याचा. तिथल्या एका कारखान्यात एका चष्मेवाल्या कारागिरानं माझे आरसे असे काही निगुतीनं बसवले की अजून हललेले नाहीत. मग थर्माकोलमध्ये गुंडाळून मला ट्रकमध्ये घातलं. सगळा प्रवास सुरळीत झाला आणि अगदी घरापाशी येऊन, वरसाव्याच्या पुलावर, ट्रक जो अडकला तो संध्याकाळपर्यंत हलेना. ड्रायव्हर शिव्या घालत होता आणि मी खोक्यात बसून विचार करत होतो, की ज्या गावात शिरायलाच एवढा वेळ लागतो तिथे आपलं कसं होणार.

माझं काम ऐकायला सोपं आहे. माझ्या पोटात एक दिवा आहे. त्याच्या प्रकाशातला हवा तो रंग मी निवडतो आणि पाण्यातून आरपार सोडतो. पाण्यानं किती प्रकाश गिळला ते मोजून मी आकडा सांगतो. जितका जास्त गिळला, तितकं पाण्यात काहीतरी जास्त. पाणी ठेवायला माझ्या आत चार घरांची एक पट्टी आहे आणि प्रत्येक घरात काचेची एक चौकोनी नळी बसते. पहिल्या घरात नेहमी शुद्ध पाणी ठेवायचं. त्याला मी शून्य धरतो आणि बाकीच्या तीन घरांतलं पाणी त्याच्याशी ताडून बघतो. यात मला निवड नसते. पहिल्या घरात तुम्ही जे ठेवाल ते माझ्यासाठी जगातलं सगळ्यांत स्वच्छ पाणी. मी त्यावर शंका घेऊ शकत नाही.

आमच्या विभागाच्या प्रमुख म्हणजे ममता मॅडम. गिरगावातली जागा सोडून शांती नगरला आल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाई मनानं चांगल्या, शिकवतातही जीव ओतून, पण अर्ध्या दिवसाचा वेळ तपासणी समित्यांच्या फायली भरण्यात जातो आणि उरलेल्या अर्ध्यात आम्ही सगळे. पहिल्या तासाला त्या मुलांना सांगतात, "मशीनवर विश्वास ठेवायच्या आधी त्याचं शून्य तपासा." मुलं मान हलवतात. मग आपसात ठरवतात की मागच्या बॅचचे आकडे कोणाकडे आहेत. गंमत सांगू? बरीचशी मुलं आकडा आधी ठरवतात आणि मग माझ्याकडे बघतात. माझा जुळला तर मी शहाणा, नाही जुळला तर 'मशीन बाद झालीय, यार'.

रुचिता त्यातली नव्हती. तिसऱ्या वर्षाला होती. बोलायला फटकळ, पण हाताला इतकी हलकी की काचेची नळी उचलताना तिचं बोट चुकूनही पारदर्शक बाजूला लागायचं नाही. सकाळी आली की माझ्यावरचं कापड काढत म्हणायची, "काय रे, झोपलायस का अजून?" ती माझी लाडकी होती, हे मी लपवत नाही.

रुचिता मोरव्याची. जुनं गाव, जुनं घर. वडील दत्ताराम बस डेपोत नोकरीला, भाऊ नीलेश कुरिअरवर. त्याची बायको शालू वरसाव्याची, आणि त्यांची सान्वी जेमतेम तीन महिन्यांची. घरासमोर आजोबांनी खणलेली विहीर. मोरव्यात तिला बाव म्हणतात. ती कधी आटली नाही, उन्हाळ्यात सगळी आळी तिच्यावर पाणी भरायची, आणि सान्वी झाल्यावर शालूनं खणानारळानं पूजा केली तीही याच विहिरीची. वर्गात पाण्याचा विषय निघाला की रुचिताची मान ताठ व्हायची. "आमच्या बावचं पाणी आणलं ना, तर तुमची मशीन लाजेल," असं ती सगळ्यांना सांगायची. त्या विहिरीच्या तिन्ही बाजूंना आता चाळी आणि इमारती झाल्या आहेत, प्रत्येकीखाली मैल्याची टाकी आहे, आणि अशा टाक्यांतून जमिनीत काय झिरपतं ते तिनं परीक्षेत पानभर लिहिलं होतं. पण परीक्षेतली जमीन वेगळी आणि आपल्या अंगणातली वेगळी.

आता दसऱ्याकडे येतो. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी कोणी रिक्षा पुजतं, कोणी इस्त्री, आणि आम्हालाही कोणी विसरत नाही याचं मला दरवर्षी बरं वाटतं. यंदा पुढाकार परागचा होता. पराग शांती नगरचा, रुचिताच्याच वर्गातला, उत्साहाला अंत नाही. आईकडून त्यानं वाटीत हळद कालवून आणली होती, जरा पातळच. तराजूला लावली, फ्रीजला लावली, माझ्या टोपणावर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला. मी खुशीत होतो.

तेवढ्यात त्याच्या मनात काय आलं कोण जाणे. "अरे, नुसतं बाहेरून काय? असली भगवान तो अंदर है," असं म्हणून त्यानं माझं झाकण उघडलं, हळदीत बोट बुडवलं आणि पहिल्या घरातल्या नळीच्या काठावर टिळा लावला. "पहिला मान पहिल्याला!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, फोटो काढले. मॅडम ऑफिसात होत्या.

बोटावर हळद जास्त होती. ती काचेवरून ओघळली, नळी आणि घर यांच्यातल्या फटीतून खाली उतरली, आणि माझा प्रकाश जिथून जातो नेमकी तिथे जाऊन वाळली. झाकण लागलं. दिवे मालवले. सुट्टी लागली.

कोणाला वाटेल, एवढासा डाग, पुसला जाईल की. पण आमच्याकडची एक वाईट खोड तुम्हाला सांगायला हवी. पहिल्या घरातली नळी सहसा कोणी बाहेर काढतच नाही. ती अडकून बसते, काढताना फुटली तर दंड, म्हणून मुलं ड्रॉपरनं जागच्या जागी जुनं पाणी ओढून घेतात आणि नवं सोडतात. मॅडम ओरडल्या की चार दिवस नीट वागतात, पाचव्या दिवशी पुन्हा ड्रॉपर.

सुट्टीनंतर कॉलेज उघडलं आणि त्याच दुपारी रुचिता आली. तिचा चेहरा बघूनच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. मला तिनं हाक मारली नाही. हातात पाण्याची बाटली होती.

मॅडमना ती सांगत होती ते मी ऐकलं. सान्वीचे ओठ निळसर दिसतात. नखंही. वहिनीला दूध पुरत नाही म्हणून वरची पावडर सुरू केलीय, आणि ती विहिरीच्या पाण्यात कालवतात, कारण नळाला एक दिवसाआड पाणी येतं आणि त्याला वास मारतो. "मॅडम, तुम्ही शिकवलं होतं ना, पाण्यात नायट्रेट जास्त असलं की लहान बाळाचं रक्त प्राणवायू नेत नाही, बाळ निळं पडतं. मला उगाच भीती वाटतेय. एकदा करून बघू?"

"कर की. लगेच कर," मॅडम म्हणाल्या आणि फायली घेऊन मीटिंगला गेल्या.

रुचितानं सगळं रीतीनं केलं. पाणी आटवलं, तळाशी राहिलेल्यावर आम्ल घातलं, मग अमोनिया. नायट्रेट असेल तर या घडीला पाणी पिवळं होतं. ते झालं. चांगलं पिवळं झालं. तिनं बीकर खिडकीशी धरला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. पण तिला घरी जायची घाई होती, आणि त्या दिवशी तिनंही माझ्या पहिल्या घरात ड्रॉपरच चालवला. ज्याचा आकडा आधीच ठाऊक आहे असं पाणी करून आधी माझी परीक्षा घ्यायची असते, तीही राहिली. भिंतीवर मागच्या वर्षीचा आलेख चिकटवलेला होता, त्यावरून बघू म्हणाली.

तुम्ही विचाराल, तुला दिसत नव्हतं का? दिसत होतं हो! पहिल्या घरात पिवळं आहे, दुसऱ्यात त्याहून जास्त पिवळं आहे, सगळं दिसत होतं. पण मला प्रश्न एवढाच विचारला होता की दुसरं पहिल्यापेक्षा किती जास्त आहे. हळद पिवळी, नायट्रेटचा रंगही पिवळा. मी एकातून दुसरं वजा केलं आणि उरलं ते सांगितलं. उरलं फार थोडं.

रुचितानं भिंतीवरचा आलेख पाहिला. आकडा मर्यादेच्या आत होता. तिचे खांदे एकदम सैल झाले, डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या झाकणावर थाप मारून ती म्हणाली, "सुटले रे बाबा!" त्या थापेनं मला जितकं दुःख झालं तितकं गंजानं कधी झालं नाही. तिनं तिथूनच घरी फोन लावला, स्पीकरवर, कारण हात अजून अमोनियाचे होते.

"बाबा, पाणी चांगलं आहे. आत्ताच मशीनवर बघितलं."

"मी काय सांगत व्हतो?" दत्तारामांचा आवाज खोलीभर घुमला. "आपले बावचा पानी हाय तो! शालू, ऐकलास काय? आता पोरीला नळाचा पानी अजिबात नको."

मागून शालूचा आवाज आला, बारीक. "मग पोरीचे ओठ निळे का पडतान?"

"त्याला डॉक्टर हाय ना. पान्याला कशाला बोल लावतेस?"

त्यानंतरचे दिवस माझे फार वाईट गेले. रुचिता यायची, पण तिचं लक्ष कशात नसायचं. परागला सांगताना मी ऐकायचो. सान्वी नीट पीत नाही, रडायलाही तिच्यात जोर नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी हृदयात काही दोष असेल म्हणून मोठ्या तपासणीसाठी चिठ्ठी दिलीय. वहिनीच्या जिवाला घोर लागलाय, म्हणून ती आता पाणी दुप्पट वेळ उकळून घेते.

दुप्पट वेळ उकळते! मला ओरडावंसं वाटलं. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि ते आणखी दाट होऊन भांड्यात राहतं. रुचितालाही हे येत होतं. पण तिनं एकदा माझं ऐकून पाण्यावरचा संशय काढून टाकला होता आणि त्या दारातून ती परत आत बघत नव्हती. माझ्या आकड्यावर एक घर निर्धास्त झोपत होतं आणि मला झाकणाखाली बसून राहण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

मग प्रॅक्टिकलचा दिवस आला. प्रत्येकानं आपापल्या घरचं पाणी आणायचं होतं. परागनं शांती नगरच्या नळाचं आणलं. अमोनिया घातल्यावरही ते जवळपास बिनरंगीच राहिलं, म्हणजे त्यात नायट्रेट नावालाच. त्यानं पट्टी ओढली, मला विचारलं. मी पहिल्या घरातली हळद वजा केली आणि मला जे एकच खरं सांगता येत होतं ते सांगितलं. शून्याच्या खालचा आकडा.

"मॅडम! आमचं पाणी शून्यापेक्षा पण क्लीन!" पराग ओरडला. "शांती नगरवाले, बघून घ्या!"

वर्ग हसला. मॅडमनी चष्मा वर करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "मशीनचं वय झालं आता. दिवा गेला असेल. बंद करा ते, मी तक्रार टाकते." त्यांनी एका कागदावर 'नादुरुस्त' लिहिलं आणि माझ्या टोपणावर, जिथे स्वस्तिकाची पुसट रेघ होती, तिथे चिकटवलं. इतके दिवस मी चुकीचं बोलत होतो तेव्हा कोणाला संशय आला नाही. पहिल्यांदा ओरडून सांगितलं, तर वेडा ठरलो.

वर्ग रिकामा झाला. पराग ओटा आवरत मागे राहिला होता, आणि रुचिता जागची हलली नव्हती. ती माझ्या पडद्याकडे बघत उभी होती.

"पराग, शून्याच्या खाली पाणी कसं असेल?"

"अगं, मशीन खराब है ना."

"पण मग याचं शून्य कुठे आहे?" असं म्हणत तिनं झाकण उघडलं, चिमटा घातला आणि पहिल्या घरातली नळी हलवत हलवत वर ओढली. ती करकरत निघाली. तिनं ती खिडकीच्या उजेडात धरली. काचेवर खालपर्यंत पिवळा ओघळ होता. तिनं नखानं खरवडून वास घेतला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"ही हळद आहे."

परागचा चेहरा पांढरा पडला. "रुचिता, मी... मी फक्त पूजा केली होती गं."

"ते नंतर. आधी मला एक कोरी नळी दे."

कोरी नळी तिनं पहिल्या घरात ठेवली, हळदीची दुसऱ्यात, आणि मला विचारलं की या डागाचा आकडा किती. मी सांगितला. किती दिवसांनी मला नीट प्रश्न विचारला गेला होता! तो आकडा तिनं विहिरीच्या पाण्याच्या त्या दिवशीच्या आकड्यात मिळवला आणि भिंतीवरच्या आलेखावर बोट नेलं. बोट मर्यादेच्या रेघेवर थांबलं नाही. ते वर गेलं, आणखी वर गेलं, आणि आलेखाचा कागद संपला.

तिनं फोन लावला. शालूनं उचलला.

"वहिनी, सान्वीला विहिरीचं पाणी देऊ नका. पावडर नको, पाणी नको, त्या पाण्याचं काहीच नको."

"आत्ताच बाटली दिली गो. अर्धी पिऊन झोपलीय."

"तिची नखं बघा."

"काळी दिसतान." शालूचा आवाज फाटला. "रुचिता, काळी दिसतान गो!"

फोन दत्तारामांनी घेतला. "काय लावलंय? त्या दिवशी तूच बोललीस चांगला हाय. आज वाईट झाला? तुझे मशीनचा खरा काय नि खोटा काय?"

"बाबा, माझ्यावर नंतर काय रागवायचं ते रागवा. आत्ता रिक्षा बोलवा."

"उद्या हार्टवाल्या डॉक्टरकडं जायाचाच हाय."

"उद्या नाही, बाबा!" ती किंचाळली. इतक्या वर्षांत या खोलीत मी असा आवाज ऐकला नव्हता. दत्ताराम काही बोलणार तेवढ्यात पलीकडून शालूचं बोलणं आलं, दाराजवळून आल्यासारखं. "तुमी बसा बाबा. मी चालली पोरीला घेऊन."

आवाज ऐकून मॅडम धावत आल्या. परागनं तुटक तुटक सांगितलं. त्यांनी हळदीची नळी पाहिली, आपणच चिकटवलेला कागद पाहिला आणि पर्समधून गाडीची किल्ली काढली. जिन्यावरून त्या ओरडून सांगत होत्या, "डॉक्टरांना पहिला शब्द नायट्रेट सांगायचा, हार्टबिर्ट नंतर!" मग पावलं खाली गेली. झाकण उघडंच राहिलं आणि दिवाही चालू. माझ्या प्रकाशात कोणी नव्हतं.

बातमी परागनं आणली. तो मला सांगत नव्हता, आशाबाईंना सांगत होता. बाळाचं रक्त काढलं तेव्हा ते लाल नव्हतं, चॉकलेटसारखं होतं. डॉक्टरांना नायट्रेट आधीच कळलं म्हणून वेळ वाचला. शिरेतून निळ्या रंगाचं औषध दिलं, आणि गंमत बघा, निळं औषध गेलं तसे ओठ गुलाबी होत आले. सान्वी वाचली. आशाबाईंनी तिथेच झाडू टेकून हात जोडले. पराग हसला नाही. तो माझ्याजवळ बसून ती एकच नळी पुन्हा पुन्हा घासत होता. डाग केव्हाच गेला होता.

सान्वी घरी आल्यावर एक दिवस दत्ताराम स्वतः प्रयोगशाळेत आले. डेपोचा खाकी शर्ट, हातात काचेची मोठी बाटली. मुलीशी ते बोलत नव्हते. मॅडमनी खुर्ची दिली, ती घेतली नाही. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"हीच का ती मशीन?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "तुमची माफी मागते. मशीनची चूक झाली."

"न्हाय," रुचिता म्हणाली. मॅडमसमोर ती कधी घरची भाषा बोलत नसे. "मशीनची नाही, बाबा. बीकरमध्ये पिवळं मला दिसलं होतं. आकडा वाईट आला असता तर मी दहादा केला असता. चांगला आला, मला हवा होता तसा आला, म्हणून परत केला नाही. मीच म्हणाले तुम्हाला, पाणी चांगलं आहे. मशीन तसं म्हणाली नव्हती."

दत्तारामांनी बाटली ओट्यावर ठेवली. "लाव माझेसमोर."

तिनं लावलं. पहिली नळी काढून, धुऊन, उजेडात धरून, त्यांना दाखवून. पाणी आटेपर्यंत दोघं बापलेक एकमेकांकडे न बघता उभी होती. अमोनियाचे थेंब पडले आणि पाणी पिवळं झालं. मी आकडा सांगितला. दत्ताराम म्हणाले, "परत लाव." तिनं परत लावलं. तोच आकडा. "अजून एक डाव." तोच.

मग ते खुर्चीत बसले. "उन्हाळ्यात सगळे आळीला पाजला ग मी," ते म्हणाले. "बोलवून बोलवून पाजला. पोरंसोरं असलेल्या घरांला आधी." रुचितानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

माझ्याबद्दल म्हणाल तर कॉलेजनं निर्णय घेतलाय. जुनी मशीन निकालात काढायची, नवीन मागवायची. मला वाईट वाटतं, पण वय झालंय हे काही खोटं नाही. दिवा मधूनच लुकलुकतो.

पण आज सकाळी मला कोणी हलवू शकलं नाही, कारण ओट्यावर जागाच नाही. दत्ताराम आळीतल्या घराघरांत स्वतः जाऊन सांगून आले, आणि मोरव्याच्या बायका आपापल्या विहिरींचं, बोअरचं पाणी घेऊन आल्यात. स्वच्छ बाटली आणा म्हटल्यावर घरात सगळ्यांत जास्त उकळून ठेवलेली जी बाटली असते ती त्यांनी आणली. ओट्यावर माझ्यासमोर ओळीनं उभ्या आहेत त्या सगळ्या बाळांच्या दुधाच्या बाटल्या आहेत. गुलाबी झाकणांच्या, बदकं छापलेल्या.

बाहेर बाकावर आया बसल्यात. त्यांतली एक तरणी पोर कडेवर मूल घेऊन दारातून सारखी डोकावतेय. "आमचा चांगलाच असंल ना गो?" तिनं आत्ताच विचारलं. रुचिता हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. "बसा वहिनी, सांगते," एवढंच म्हणाली आणि पहिल्या घरातली नळी काढून उजेडात धरली.

रुचिता, मला आता फार काही मागायचं नाही. नवीन मशीन येईल, माझ्यापेक्षा झटपट बोलेल, तिच्याशीही अशीच वाग. आणि त्या दारातल्या बाईचा चेहरा बघून मला आकडा विचारू नकोस. तिला जे ऐकायचंय ते मी नाही सांगू शकणार, जे आहे ते सांगेन. वाईट निघालं तर तिच्याजवळ जाऊन तूच सांग, मला पुढे करू नकोस. दिवा अजून आहे. चल, पहिली बाटली आण.